हाळी पुढे देणारे मुलाणी सर

मुलाणी सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते खालून वर. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी सणसरच्या दूध संस्थेत सचिव होतो. दूध घालायला आलेल्या एका सभासदाने सांगितले की संस्थेच्या छपरावर कोणीतरी चढले आहे. मी तावातावाने बाहेर आलो. वर पायजमा खोचलेले, चष्मा लावलेले एक गृहस्थ हातात लांब दांडी धरून ईशान्येकडे पाहत उभे होते.

"कोण हाय वर?" मी ओरडलो.

"मी दस्तगीर मुलाणी. बारामतीसनं आलोय. पाच मिनटं थांबा, पळसदेव दिसतंय का बगतो."

"पळसदेव हितनं दिसलं असतं तर आमी एसटीनं कशाला गेलो असतो?"

"डोळ्याला न्हाय दिसत, भानुदासराव. रेडिओला दिसतं."

माझे नाव त्यांना कसे ठाऊक, असे मी विचारले तेव्हा त्यांनी खालच्या फळ्याकडे बोट दाखवले. तिथे सचिव म्हणून माझे नाव रंगवलेले होते. परवानगी मागायला ते सकाळी येऊन गेले होते. मी जागेवर नव्हतो, म्हणून वेळ फुकट जाऊ नये एवढ्यासाठी आधी छपरावर चढले. सरांचा हा स्वभाव पुढे पंचवीस वर्षे पाहिला. परवानगीचे कागद ते कधी चुकवत नसत, पण कागद येईपर्यंत हात बांधून बसणेही त्यांना जमत नसे.

सर मूळचे माळेगाव बुद्रुकचे. वडिलांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, आणि सर स्वतः बारामतीच्या एका तांत्रिक संस्थेत रेडिओ-टीव्हीचा विषय शिकवत. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला 'सरांचे तांत्रिक कार्य' हा विषय दिला आहे. तंत्रातले मला जे कळते ते सरांनीच शिकवलेले, तेव्हा त्यात चुका असतील तर त्या विद्यार्थ्याच्या समजाव्यात. शिवाय या लेखात मला एक गोष्ट सांगायची आहे, जी संपादकांनी मागितलेली नाही. ती वाचून त्यांना लेख बाजूला ठेवावासा वाटला तरी माझी हरकत नाही.

तेव्हा इंटरनेट हा शब्द आमच्याकडे पोचला होता, वस्तू पोचली नव्हती. बारामतीत सरांच्या संस्थेत ते टेलिफोनच्या तारेवरून येई. पण गावोगावचे टेलिफोन निम्मे दिवस मुके असत. सरांनी ठरवले की तारेची वाटच बघायची नाही. प्रत्येक गावात एक वायरलेस सेट, त्याला जोडलेला एक लोखंडी डबा आणि एक जुना कॉम्प्युटर ठेवायचा. बारामतीला आलेले ई-मेल वायरलेसवरून एका बाजूला माळेगावला जाई, दुसऱ्या बाजूला सणसरला येई, आणि सणसरचा डबा ते आपोआप पुढे पळसदेवला धाडी. चार ओळींचे पत्र जायला मिनिटभर लागे, पण मधला डबा पत्र साठवून ठेवत नसे; पुढचे गाव जागे असेल तरच ते जाई. चित्र नाही, आवाज नाही. आजच्या पोरांना हे सांगितले तर ती हसतात, आणि हसू द्यावे.

गावची सभा मात्र हसली नव्हती, भांडायला उठली होती. पळसदेवचा निरोप आमच्या डब्यातून कशाला, आमची लाइट त्यांच्यासाठी का जाळायची, असा प्रश्न आला. सर शांतपणे माझ्याकडे वळले. "भानुदासराव, तुमच्या घरी मेंढरं व्हती न्हवं?"

"आज्यापतोर व्हती."

"मग हाळीचं तुमीच सांगा ह्यास्नी."

मी उभा राहिलो. आमचे आजोबा माळावर मेंढरे राखत तेव्हा चार-पाच घरांचे कळप लांब लांब चरत असत. लांडगा दिसला, पाणी सापडले, कोणाच्या घरी कोणी गेले, तर पहिला माणूस उंचवट्यावर चढून हाळी देई. ज्याला ती ऐकू येई त्याने ती पुढच्याकडे तोंड करून द्यायची, मग ती बातमी त्याच्या कामाची असो वा नसो. आजोबा म्हणायचे, ऐकली की पुढं द्यायची, मग बसायचं. मी हे सभेत त्यांच्याच शब्दांत सांगितले. सर म्हणाले, "डबा ह्येच करतो. त्याला फकस्त बसायचं म्हाईत न्हाय." सभेने मान्य केले. लोकांनी माझे कौतुक केले आणि मीही ते मनापासून घेतले. ते शब्द माझ्या तोंडचे होते, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे.

सरांच्या कामाची रीत सांगायची तर ती अगदी घरगुती होती. खांब म्हणून त्यांनी बोअरचे जुने लोखंडी पाइप एकाला एक जोडून उभे केले. वायरलेसच्या परवान्यासाठी रजा टाकून ते किती खेपा घालून आले ते त्यांनी कधी मोजले नाही. कुठल्याही खांबाखाली, फलकावर त्यांनी स्वतःचे नाव लिहू दिले नाही. सणसरला यंत्र सुरू झाले त्या दिवशी मी पहिला निरोप टाइप केला, "नमस्कार. सणसर सुरू झाले." माळेगावचे यंत्र सरांच्या घरीच होते आणि ते त्यांच्या पत्नी बानूभाभी सांभाळत. मिनिटाभराने त्यांचे उत्तर पडद्यावर आले, "सर जेवले का ते बघा." मी बाहेर जाऊन पाहिले तर शिडीच्या खालच्या पायरीला जेवणाचा डबा तसाच बांधलेला होता आणि सर वर नट आवळत होते. आमच्या भागातील इंटरनेटचा पहिला उपयोग सरांना जेवायला बसवण्यासाठी झाला, हे मी जबाबदारीने नमूद करतो.

आता ती गोष्ट.

पळसदेवचे यंत्र तिथल्या शाळेत होते आणि कांबळे गुरुजी ते पाहत. धरणाच्या फुगवट्याकाठचे ते गाव, मासेमारी करणाऱ्या घरांचे. तिथल्या हौसाबाईंचा मुलगा सुरेश मस्कतला वेल्डिंगच्या कामावर होता. टपालाला महिना लागे, पण त्याच्या कंपनीच्या ऑफिसातला एक मराठी माणूस त्याचे चार शब्द ई-मेलने पाठवी. हौसाबाईंना वाचता येत नव्हते. संध्याकाळी त्या शाळेत येऊन बसत आणि गुरुजी त्यांना पत्र वाचून दाखवत. त्या उन्हाळ्यात सुरेशच्या बहिणीचे, लताचे लग्न ठरले होते. मुलाकडच्यांनी दोन तारखा दिल्या होत्या, एक आधीची, एक तीन आठवड्यांनंतरची. हौसाबाईंनी विचारणा केली, तुला रजा कधी मिळते ते कळव, त्यावर तारीख धरू. भावाशिवाय लग्न लावायचे नाही, असा त्यांचा हट्ट होता.

त्याच सुमाराला लाइटच्या वेळा बदलल्या. सणसरला दिवसा लाइट आणि संध्याकाळी अंधार, पळसदेवला नेमके उलटे. पळसदेवला बॅटरी नव्हती, ती यायची होती. आमच्याकडे मात्र ट्रॅक्टरची एक बॅटरी सरांनी याचसाठी ठेवलेली होती, की लाइट गेली तरी सणसरचा डबा नऊपर्यंत जागा राहावा आणि पळसदेवचे निरोप जावेत. पण त्याच बॅटरीवर पहाटे आमचे दुधाची फॅट काढायचे मशीन चाले. एका पहाटे बॅटरी उतरून ते मधेच बंद पडले. चाळीस माणसे किटल्या घेऊन माझ्या नावाने शंख करू लागली. त्या दिवसापासून मी संध्याकाळी साडेसहाला संस्थेला कुलूप लावताना डब्याचे बटन बंद करू लागलो. आमचे निरोप दिवसा येऊन-जाऊन झालेले असत. कोणाचे काही अडत नाही, असे मला वाटले. खरे सांगायचे तर काही वाटलेच नाही. मी पळसदेवचा विचार केला नाही.

सर त्या पंधरवड्यात परीक्षेच्या कामासाठी पुण्यात होते. इकडे हौसाबाई रोज संध्याकाळी शाळेत येऊन बसत आणि गुरुजी रोज मान हलवत. मुलाकडच्यांचा निरोप आला, आता तारीख सांगा. बाराव्या दिवशी हौसाबाईंच्या यजमानांनी आधीची तारीख धरली. पोरगं परदेशात गेलं की असंच व्हतंय, असे भावकीत कोणीतरी बोलले, आणि हौसाबाईंनी ते ऐकून घेतले.

लग्नाला दोन दिवस उरले असताना सर पुण्याहून परतले. बारामतीच्या यंत्रात सुरेशची तीन पत्रे अडकलेली त्यांना दिसली. तिन्हींत एकच मजकूर होता, नंतरची तारीख धरा, मी येतोय, रजा मिळाली आहे. ती कागदावर छापून सर मोपेडवर थेट पळसदेवला गेले. हौसाबाईंच्या दारात उभे राहून त्यांनी तिन्ही पत्रे वाचून दाखवली आणि म्हणाले, "यंत्रात बिघाड झालता. यंत्र माझं हाय, चूक माझी हाय." आता तारीख बदलणे शक्य नव्हते. पाहुणे निघाले होते, मांडव घातला होता.

तिथून सर सणसरला आले. मी कुलूप लावत होतो. मला बाजूला सारून ते आत गेले आणि त्यांनी डब्यावर नुसता तळहात ठेवला.

"गार हाय," ते म्हणाले.

मी हातातले कुलूप टेबलावर ठेवले.

"कवापासनं, भानुदासराव?"

"चौदा-पंधरा दिवस झालं. फॅटचं मशीन..."

"व्हय, मशीन पण महत्त्वाचं हाय." ते खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला आणि पत्रांची दुसरी प्रत माझ्या हातात दिली. मी तिन्ही वाचली. सरांनी आवाज चढवला नाही. ओरडले असते तर मला बरे वाटले असते. मी म्हणालो, मी आत्ता पळसदेवला जाऊन पाय धरतो. सर म्हणाले, "आज न्हाय. लग्नघर हाय, त्यात आनिक वाद नगं. तुमाला जवा सांगावं वाटंल तवा जाऊन सांगा. माझ्या तोंडातनं न्हाय जायाचं." आणि खरोखरच ते कधी गेले नाही.

लग्नाला त्यांनी मला मोपेडवर मागे बसवून नेले. मी मांडवाच्या कडेला, शेवटच्या रांगेत उभा राहिलो. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि मुलाकडच्यांनी त्याला टॉवेल-टोपी द्यायची, ही आपली रीत. लताचा दुसरा भाऊ नव्हता. चुलत भाऊ पुढे होणार, तेवढ्यात हौसाबाई म्हणाल्या, "थांबा. मुलाणी सर, तुमी या." मुलाकडचे एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारे गृहस्थ काही बोलायला लागले तर हौसाबाईंनी त्यांना तिथेच थांबवले. "ज्यानं माझ्या दारात येऊन चूक झाली म्हून सांगितलं, त्यो माझ्या पोरीचा भाऊच हाय." सर पुढे झाले आणि त्यांनी नवरदेवाचा कान इतका जोरात पिळला की तो खरेच कळवळला आणि सगळा मांडव हसला. लताही हसली. मी हसू शकलो नाही. दुसऱ्याच्या चुकीचा मान घेताना सरांचे डोळे भरून आले होते, ते का, हे माझ्याशिवाय कोणाला कळण्यासारखे नव्हते.

परतताना सणसरच्या फाट्यावर सरांनी मोपेड थांबवली आणि टॉवेल-टोपी माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्यापाशी असू द्या. पळसदेवला जाऊन सांगितलं की मला परत द्या." मी ती घरी ट्रंकेत ठेवली.

पुढल्या महिन्यात बारामतीला सगळ्या गावांची बैठक झाली. बैठकीच्या अध्यक्षांनी, तात्यांनी, सरळच विषय काढला, "पळसदेवचा डबा काढा. तितं चालत न्हाय, दुसऱ्या गावाला तरी उपेग व्हईल." तेव्हा सर उभे राहिले. मला वाटले, आता माझे नाव येणार. ते म्हणाले, "पळसदेवचा दोष न्हाय. मी ते गाव एकाच वाटंवर टांगलं, ही माझ्या मांडणीतली चूक हाय. मानूस दमतो, झोपतो, इसरतो. गावाचा निरोप एका मानसाच्या हाताखाली ठेवायचा नसतो. मला दोन महिने द्या."

त्या दोन महिन्यांत सरांनी जे उभे केले तेच खरे त्यांचे तांत्रिक कार्य, आणि संपादकांनी मागितलेला विषय येथे येतो. कळस गावाकडच्या एका वस्तीवरील शाळेत त्यांनी नवा डबा बसवला. आता बारामतीहून पळसदेवला दोन वाटा झाल्या, एक सणसरवरून, दुसरी त्या वस्तीवरून. प्रत्येक डबा आसपास कोण जागे आहे ते स्वतःच चाचपून बघे आणि जी वाट उघडी असेल तिने निरोप धाडी. सणसर झोपले तर वस्ती, वस्ती झोपली तर सणसर. पळसदेवला बॅटरी आली, माझ्या फॅटच्या मशीनलाही सरांनी वेगळी बॅटरी मिळवून दिली, आणि हळूहळू प्रत्येक गावाला किमान दोन शेजारी झाले. हौसाबाईंचे यजमान ते बघून म्हणाले, "ह्ये तर आमचं जाळं झालं. एक गाठ सुटली तरी मासा जात न्हाय." अशा मांडणीला पुस्तकात मोठी नावे आहेत असे नंतर कळले. आमच्याकडे ती माझ्या एका बटनामुळे आली, आणि सरांनी ते श्रेयही मला कधी ऐकवले नाही.

लग्न होऊन गेल्याचे कळल्यावर सुरेशने रजा पुढे ढकलली होती; ते दोन महिने सरल्यावर तो आला तेव्हा त्याचा निरोप नव्या वाटेने आला होता. लता आणि जावई त्याला घ्यायला पुण्याला गेले. लग्न मात्र झाले ते झाले. भाऊ नसलेले तिच्या लग्नाचे फोटो आजही तसेच आहेत, त्यावर कुठल्याच मांडणीकडे इलाज नाही. पुढे मोबाइल आले, मनोरे आले, आमचे डबे भंगारात गेले. सर दर भाऊबीजेला लताकडे जातात, ते मात्र थांबलेले नाही.

आणि मी? पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षी वाटले, आता जुने झाले. मग तर सांगायला निमित्तच उरले नाही. दर दिवाळीला सर मला फोन करतात, प्रकृती विचारतात, टॉवेलचे नाव काढत नाहीत. या ग्रंथासाठी लेख मागणारे पत्र आले आणि मी चार दिवस कागदापुढे बसून राहिलो. सरांच्या सचोटीवर लिहायचे आणि हे झाकून ठेवायचे, एवढा निगरगट्ट मी नव्हतो. पाचव्या दिवशी ट्रंक उघडली आणि पळसदेवची एसटी धरली.

हौसाबाई आता थकल्या आहेत, पण नजर तीच. लता माहेरी आलेली होती. मी टॉवेल-टोपी पुढे ठेवली आणि एका दमात सगळे सांगितले. हौसाबाईंनी टोपीवरून एकदा हात फिरवला. मग त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला."

"सरांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगत्याल? यंत्र बिघडलं म्हनणारा मानूस यंत्राला हात न लावता लगोलग सणसरला गेला. आमी काय एवढ्या येड्या हाय?"

मी विचारले, मग इतकी वर्षे तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "त्यांनी झाकलं, ते आमी कशाला उघडायचं? तुमचं तुमी याल म्हनलं. लई उशीर केला, भानुदासराव." मग त्यांनी लताला चहा टाकायला सांगितले. लता आतून कप घेऊन आली आणि टॉवेल-टोपी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "ह्ये सरांचं हाय. त्यांनाच द्या." मी चहा प्यालो. डोळे पुसायला टॉवेल हाताशी होता, पण तो वापरायचा माझा हक्क नव्हता.

सरांच्या विद्वत्तेवर या ग्रंथात अधिकारी माणसे लिहितीलच. मला एवढेच म्हणायचे आहे की सरांनी आयुष्यभर गावागावांत वाटा बांधल्या, आणि एका माणसाला स्वतःच्या चुकीपासून घरी परतायची वाट पंचवीस वर्षे उघडी ठेवली. दुसरे काम पहिल्याहून अवघड असावे. सरांची दृष्टी अशीच स्वच्छ राहो, गुडघे छपरावर चढण्याजोगे राहोत, बानूभाभींच्या हातचे जेवण त्यांना वेळेवर मिळो आणि शंभरावी भाऊबीज त्यांनी पळसदेवच्या लेकीकडे साजरी करावी, ही मनापासून प्रार्थना.

समारंभात सगळे सरांच्या खांद्यावर शाल घालतील. मी पंचवीस वर्षे घडी न मोडलेला एक टॉवेल घालणार आहे.

सर, तेव्हा ऐकलेली हाळी आज पुढे दिली. आता बसतो.